टेकडीवरचा जुमाश आणि आठच्या बातम्या

कोक-तोर गावाच्या वरच्या अंगाला एक बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर लोखंडी मनोरा, मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं दगडी घर, आणि त्या घरात जुमाश. सव्वीस वर्षं तो तिथं राहिला. त्याचं काम सांगायला सोपं होतं. राजधानीतून निघालेलं टीव्हीचं चित्र एकेक डोंगर ओलांडत यायचं आणि टेकडीवर पोचेपर्यंत पार दमून जायचं. जुमाशचं यंत्र त्याला पुन्हा ताजंतवानं करून खाली दरीतल्या दोनशे घरांत सोडायचं. टेकडी नसती तर दरीच्या नशिबी नुसती खरखर होती. गावातले टवाळ म्हणायचे, "वर जुमाश शिंकला की पडद्यावरचा मंत्री शिंकतो."

दिवसभर काय लागतं याच्याशी गावाला फारसं देणंघेणं नव्हतं. गाणी लागायची, घोड्यांच्या शर्यती लागायच्या, मेंढ्यांच्या खरजेवर कुणी डॉक्टर बोलायचा. पण संध्याकाळी आठला बातम्या लागल्या की दरीत कुत्रंसुद्धा भुंकत नसे. बायका गाईंच्या धारा आठच्या आत उरकायच्या. कुणाकडे पाहुणा यायचा असला तर तो एक तर आठच्या आधी यायचा, नाहीतर बातम्या संपल्यावर. आणि गावातला कुठलाही वाद शेवटी एका प्रश्नावर येऊन मिटायचा, "आठला सांगितलं का?" एकदा दोन मेव्हणे हमरीतुमरीवर आले. पलीकडच्या खिंडीत पूल वाहून गेला असं एक म्हणे, दुसरा म्हणे छे! पहिला बिचारा स्वतःच्या डोळ्यांनी तो पूल बघून आला होता, पायजमा कमरेपर्यंत ओला. तरी गावानं निकाल दिला की आठला सांगितलेलं नाही, तेव्हा पूल आहे! तिसऱ्या दिवशी आठला सांगितलं, आणि मग सगळे त्याच्या घरी चहा प्यायला गेले.

देश स्वतंत्र झाला तेही गावाला आठलाच कळलं. त्या संध्याकाळी बातम्या संपल्यावर गावचे अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, ओरोझाली, काठी टेकत टेकत टेकडी चढून आले. धाप लागली होती. दारातच म्हणाले, "जुमाश, हे जे सांगितलं ते पुन्हा एकदा लाव बरं."

"आके, ते आपल्या हातात नसतं. तिकडून येतं तेवढंच मी खाली सोडतो." वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे आके म्हणतात.

"अरे, मग एवढा मोठा मनोरा कशाला दिलाय तुला?" असं म्हणून ते पायरीवर बसले आणि बराच वेळ खालच्या दरीकडे पाहत राहिले. स्वतंत्र झालेली दरी काल होती तशीच दिसत होती.

बातम्या वाचणारा माणूस उंच कपाळाचा होता आणि त्याचा आवाज जाड होता. बातम्यांच्या सुरुवातीला तो हात छातीशी नेऊन सलाम करायचा. त्याचं नाव जुमाशच्या सासऱ्याच्या... छे, चुकलं, जुमाशच्या वडिलांच्या नावासारखंच निघालं. आता सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? जुमाशची बायको सैरा त्याला जन्मभर "काचेतला माणूस" म्हणायची. "अहो, काचेतल्या माणसाला आज सर्दी झालीय वाटतं." पुढे पुढे अर्ध्या दरीनं तेच नाव उचललं.

या काचेतल्या माणसाचा मान सगळ्यात जास्त कुणी राखला असेल तर बुरुलचा आपानं. बुरुलचा हे तिचं नाव, आणि थोरल्या बाईला आमच्याकडे आपा म्हणतात. ओढ्याच्या वळणावर तिचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलता मुलगा नुरदिन खिंडीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. आठाला पाच मिनिटं असताना आपा डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडून नीट बांधायची, कारण परपुरुष घरात येणार. चहाचा वाडगा भरून टीव्हीसमोर ठेवायची. काचेतल्या माणसानं सलाम केला की तीही हात छातीशी नेऊन म्हणायची, "वालेकुम सलाम, बाळा. सगळं क्षेम आहे ना?" शेजारच्या सुना-मुली तोंडात रुमालाचं टोक कोंबून हसायच्या. एकीनं एकदा विचारलं, "आपा, त्याला काय ऐकू जातं का?"

"तुझ्या नवऱ्याला तरी कुठं जातं? तरी तू बोलतेसच ना!"

पण आपा टीव्हीसमोर अशी ठाण मांडून बसायची त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी खाणीचा नवा बोगदा सुरू झाला तेव्हा आठच्या बातम्यांत नुरदिन दिसला होता. डोक्यावर दिव्याची टोपी, चेहरा काळा, दात पांढरे. तेवढ्यात चित्र पुढे सरकलं. एक घोट घ्यावा एवढाच वेळ. तेव्हापासून आपानं एक संध्याकाळ चुकवली नव्हती. एकदा दाखवला, तर पुन्हाही दाखवतील.

जुमाशच्या मनात मात्र एक सल होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. या गोष्टीच्या चार वर्षं आधी हिवाळ्यात एक बस खिंडीतून कोसळली. आठला मेलेल्यांची सात नावं वाचली, त्यात कोक-तोरच्या कालिपाचा नवरा होता. कालिपाचे हात कणकेत होते आणि तान्हं मूल पाळण्यात. आमच्याकडे मरणाची बातमी अशी अंगावर टाकत नाहीत. ती ऐकवायची असते. गावातला वडीलधारा येतो, सोबत जाणती माणसं येतात, बायका दोन्ही बाजूंनी खेटून बसतात, आडवळणानं बोलणं सुरू होतं, आणि ऐकणाऱ्याला आधी धरलेलं असतं, मग शब्द सोडलेला असतो. कालिपाला कुणीच धरलं नव्हतं. ती होती तिथंच पडली. तिचं दूध आटलं ते पुन्हा आलं नाही. तान्ह्याला शेजारणींनी पाजलं. घरातल्या टीव्हीवर तिनं जाड चादर टाकली ती टाकलीच.

गावाचा राग काचेतल्या माणसावर निघाला नाही. तो पडला दूर. राग निघाला टेकडीवर. कालिपाची सासू वर आली आणि जुमाशला म्हणाली, "तू सांगितलंस."

"मी नाही आपा, मी फक्त पुढे पाठवतो."

म्हातारीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. "पुढे पाठवणाऱ्याला हात नसतात का रे?"

एवढं बोलून ती उतरून गेली. जुमाश त्या दिवसापासून जेवताना आपल्या हातांकडे बघायचा, हे सैरानं पुढे अनेकांना सांगितलं.

आणि मग तो हिवाळा आला. त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला जिल्ह्याच्या केंद्रातून फोन आला. तिकडे दामिरा नावाची बाई होती. जुमाश आणि ती पंधरा वर्षं रोज फोनवर बोलत होते आणि एकमेकांना आयुष्यात दोनदाच भेटले होते. एरवी ती आधी थट्टा करायची, मग काम सांगायची. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"जुमाश आके, खाणीत काल छत कोसळलं. पाच जण गेले. यादी मीच मघाशी राजधानीला वाचून दाखवली. आठला लागणार आहे. तुमच्या गावचा एक आहे."

जुमाशनं विचारलं नाही. खाणीत गावचा एकच होता.

"घरी कळलं असेल ना?" दामिरा म्हणाली. "खाणीच्या कारकुनानं कागदावर लिहिलंय, तारा केल्या, पाचही पोचल्या."

"इथं रडण्याचा आवाज आलेला नाही," जुमाश म्हणाला. टेकडीवरून गावातलं रडणं ऐकू येतंच.

त्यानं गावातल्या टपाल कचेरीला फोन लावला. टपालवाली साल्तानात अजून कचेरीतच बसून होती. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"साल्तानात, बुरुलचा आपाची तार आलीय?"

पलीकडून हुंदका. "सकाळी दहाला आलीय आके. माझ्या अंगरख्यात आहे. दिवसभर छातीशी धरून बसलेय."

"दिली का नाहीस?"

"मी कशी देऊ? ती माझ्या सासूच्या वयाची! मी जाऊन सांगू, तुमचा मुलगा गेला म्हणून? ओरोझाली आके शेजारच्या दरीत सोयरिकीला गेलेत. निरोप धाडलाय. घोड्यावरून निघालेत, बर्फात अडकलेत. ते आले की ऐकवतील."

"आणि पोचपावती?"

"ती तर लगेच पाठवावी लागते ना. तार पोचली म्हणून पाठवली."

आता सांगा, तिचं काय चुकलं? सरकारी नियमही पाळला, गावचा रिवाजही पाळला. खाणीच्या कारकुनानं पावती बघून लिहिलं, पोचली. राजधानीनं त्याचा कागद बघून ठरवलं, घरच्यांना कळलंय, नावं वाचायला हरकत नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. फक्त बुरुलचा आपा ओढ्याच्या वळणावर रुमाल नीट बांधत होती.

जुमाशनं दामिराला परत फोन केला. "नावं उद्या वाचा म्हणावं. एक दिवस."

दामिरानं प्रयत्न केला. वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "कागद वरून सही होऊन गेलाय आके. बदलणारा माणूस घरी गेला. म्हणतात, तारेची पावती आहे, मग अडचण काय?"

सैरा चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मी खाली जाते. आपाला काहीतरी सांगून शेजारी नेते."

"आठच्या वेळी ती घर सोडेल? आणि शेजारी टीव्ही नाहीत? एका घरातनं किंकाळी आली की झालं."

"मग काय करायचं?"

जुमाश यंत्राकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांत आठच्या बातम्या त्यानं एकदाही तुटू दिल्या नव्हत्या. वादळात मनोऱ्याला दोर बांधून वर चढला होता. डाव्या हाताची दोन बोटं हिमदंशानं काळी पडली होती, ती त्याच पायी. वीज गेली तर डिझेलचं इंजिन, डिझेल गोठलं तर खाली शेकोटी. भिंतीवर नियमांचा कागद होता. त्यात सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बाकी काहीही बंद पडलं तरी चालेल, आठच्या बातम्या बंद पडता कामा नयेत. मुद्दाम बंद करणाऱ्याला तर माफीच नव्हती. पेन्शनला चार वर्षं उरली होती.

"तू जा," तो सैराला म्हणाला. "साल्तानातला सोबत घे, चार जाणत्या बायका घे, आपाच्या शेजारच्या घरात बसा. ओरोझाली आके आले की आत जा. आधी धरा तिला. घाई करू नका. वेळ मी देतो."

सैरानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, घोड्यावर खोगीर टाकलं आणि उतरली.

आठाला दोन मिनिटं कमी असताना जुमाशनं खटका खाली ओढला. यंत्राची गुणगुण थांबली. इतकी वर्षं ती कानात होती, त्यामुळे शांतता एखादी जड वस्तू पडावी तशी खोलीत पडली.

खाली दोनशे घरांत एकदम खरखर सुरू झाली. मग दारं उघडली, कंदील बाहेर आले. गावाची रीतच होती. चित्र गेलं की अंगणात येऊन टेकडीकडे तोंड करून ओरडायचं.

"ए जुमाश! झोपलास काय रे?"

"सैरानं जेवण दिलं नाही वाटतं!"

"अरे, आज माझ्या भावाची मेंढी दाखवणार होते, नालायका!"

जुमाश दारात उभा राहून ऐकत होता. एक आवाज त्याला नेमका ओळखू आला, ओढ्याच्या वळणावरून येणारा, म्हातारा आणि बारीक. "जुमाऽऽश, बाळा, बरा आहेस ना?"

त्यानं चौकट घट्ट धरली. मागे फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. त्यानं उचलला नाही.

त्याला हेही कळत होतं की खटका ओढल्यानं काही नुरदिन जिवंत होत नाही. आठला सांगितलं नाही म्हणून पूल उभा राहत नाही. पण तेवढा वेळ दरीत एक आई होती जिचा मुलगा खाणीवर होता, आणि तो वेळ कुणीतरी हातात धरून ठेवायचा होता.

सव्वा आठनंतर खिंडीच्या बाजूनं एक कंदील हलत हलत आला. टपाल कचेरीपाशी थांबला. तिथून पाच-सहा कंदील निघाले. ओरडणारी माणसं गप्प झाली. इतके वडीलधारे बर्फातून एका रांगेत कुणाच्या घरी जातात ते कशासाठी, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. रांग ओढ्याकडे वळली. एकेका अंगणातून माणसं निघून तिच्यामागे चालू लागली.

आत काय झालं ते सैरानं नंतर सांगितलं. आपा टीव्हीला थापट्या मारत होती. एवढी माणसं बघून म्हणाली, "या, या. माझाच बिघडलाय की सगळ्यांचा?" बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. कालिपाही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपाच्या मागे बसली, पाठीला पाठ लावून. ओरोझालींच्या दाढीत बर्फ होता. त्यांनी चहाचा वाडगा हातात घेतला आणि प्यायला नाही.

"बुरुलचा, तुझ्या हाताखाली किती घोडे वाढले ग?"

"कुणी मोजलेत आके?"

"सगळ्यात गुणी कोणता?"

"काळा. कड्यावरून गेला तो."

"मग तू कुणाकडे मागितलास परत?"

"कुणाकडे मागणार? देणाऱ्यानंच नेला," असं म्हणता म्हणता आपा थांबली. एकेका चेहऱ्याकडे तिनं पाहिलं. सगळ्यात शेवटी साल्तानातकडे, कारण तिचा हात अजून अंगरख्यात होता.

"नुरदिन?" ती म्हणाली.

"देणाऱ्यानं नेला, बुरुलचा."

तोपर्यंत चार हातांनी तिला धरलेलं होतं. पडायला जागाच नव्हती.

टेकडीवर जुमाशला आवाज ऐकू आला. आधी एकटीचा, मग बायकांचा मिळून, सूर धरलेला, मग अंगणात काठ्यांवर रेललेल्या पुरुषांचा. त्यानं टोपी काढली. मग आत जाऊन खटका वर केला. बातम्या संपत आल्या होत्या. दरीतल्या रिकाम्या घरांतून काचेतला माणूस सांगत होता की डोंगराळ भागात उद्याही बर्फ पडेल.

फोन वाजला. दामिरा होती. रडत होती आणि रागावलेलीही होती. "आके, मी वादळ झालं म्हणून कळवलंय. तुम्ही वहीत तेच लिहा. मनोऱ्यावर बर्फ साचला, म्हणा. कोण येतंय बघायला?"

"लिहून झालं ग," जुमाश म्हणाला.

वहीत त्यानं लिहिलं होतं, 'संध्याकाळी सात अठ्ठावन्न ते आठ चौतीस प्रक्षेपण बंद. यंत्र चांगलं आहे. मी बंद केलं. गावात एका आईला मुलाचं मरण अजून माणसानं सांगितलेलं नव्हतं.'

रस्ता मोकळा झाल्यावर राजधानीतून दोन साहेब आले. तरुण साहेब वही वाचून चिडला. म्हातारा साहेब चिडला नाही, आणि तेच अवघड गेलं. तो जुमाशच्या चुलीपाशी बसून म्हणाला, "जुमाश आके, माझ्या आईलासुद्धा गावच्या लोकांनी असंच ऐकवलं होतं. पण बघा, आज तुम्ही मायेपोटी बंद केलंत. उद्या कुणी पैशापोटी बंद करील, परवा कुणी भीतीपोटी. आठच्या बातम्या एका माणसाच्या हातात असून चालायच्या नाहीत."

"खरं आहे तुमचं," जुमाश म्हणाला. "म्हणूनच बर्फ साचला असं लिहिलं नाही."

म्हाताऱ्या साहेबानं मान हलवली. "लिहिलं असतंत तर मला इथवर यावं लागलं नसतं," म्हणाला, आणि कागदावर सही केली.

महिन्याच्या आत जुमाशला टेकडी सोडावी लागली. सामान दोन घोड्यांत मावलं. शाळेत राखणदाराचं काम मिळालं. पुढे कधीतरी आठला अपघाताच्या नावांआधी काचेतला माणूस म्हणायला लागला, "नातलगांना प्रत्यक्ष भेटून कळवण्यात आलं आहे." ते कोक-तोरमुळे की आणखी कशामुळे, कुणाला ठाऊक? गाव अर्थातच म्हणतं आमच्यामुळेच. तसं आठला कुणी सांगितलेलं नाही.

दुखवट्याचे चाळीस दिवस झाल्यावर बुरुलचा आपानं जुमाशला आणि सैराला चहाला बोलावलं. वेळ सांगितली नव्हती, पण ते गेले तेव्हा आठाला दहा मिनिटं होती. कालिपा तिथंच होती, हल्ली ती संध्याकाळी मुलाला घेऊन आपाकडेच असायची. टीव्ही बंद होता. चाळीस दिवस बंदच होता.

आठाला पाच मिनिटं असताना आपानं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि नीट बांधला. चहाचा वाडगा भरून समोर ठेवला. मग जुमाशकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी या काचेतल्यानं सांगितलं असतं ना, तर मी याला पुन्हा घरात घेतलं नसतं. आणि मग माझ्याकडे रोज कोण आलं असतं रे?" तिनं कालिपाकडे पाहिलं. कालिपा उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं बटण फिरवलं.

काचेतल्या माणसानं हात छातीशी नेला.

आपाचा हात उचलायला वेळ लागला. "वालेकुम सलाम, बाळा," ती म्हणाली. पुढचं, क्षेम विचारणारं, वाक्य मात्र तिनं म्हटलं नाही. पुन्हा कधीच म्हटलं नाही.

जुमाश सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खालच्या बाजूला बसून आठच्या बातम्या पाहत होता. बराच वेळ तो डोळे बारीक करून बघत राहिला. मग सैराच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "डाव्या कडेला चित्र जरा थरथरतंय. वरच्या नव्या माणसाला सांगायला हवं. मनोऱ्याला ताणून धरणारा एखादा दोर सैल झाला असेल."